भूल उतरेपर्यंत

आमच्या साडूंनी जितक्या जिवांना झोपवलं, तितक्यांना अख्ख्या मराठवाड्यात दुसऱ्या कुणी झोपवलं नसेल, आणि यात मी पुढारी, उद्घाटनाचे पाहुणे आणि माझ्यासारखे इतिहासाचे मास्तर असे सगळे धरले आहेत. फरक एवढाच, की आम्ही झोपवलेली माणसं आपापली उठून घरी जातात. साडूंच्या गिऱ्हाइकांना मात्र ते स्वतः उठवतात आणि नीट उठल्याची खात्री पटल्याशिवाय दाराबाहेर सोडत नाहीत. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. या बहिणीला आम्ही सगळे आक्का म्हणतो. साडू जनावरांचे डॉक्टर आहेत. शहरातल्या गारखेडा भागात त्यांचा दवाखाना आहे आणि तिथं कुत्री, मांजरं, ससे, परदेशी पोपट, पांढरे उंदीर अशा सगळ्यांना ते वायूची भूल देतात. सुई टोचून जनावर आडवं करणारे डॉक्टर पुष्कळ. साडूंना ती पद्धत उरकल्यासारखी वाटते. 'सुई म्हणजे पायऱ्यांच्या बारवंत ढकलून दिल्यावानी,' ते सांगतात. 'गॅसवर पायरी-पायरीनं उतरवायचं अन् पायरी-पायरीनं वर आणायचं.' माझ्या लग्नाच्या बोलणीत आमची पहिली भेट झाली. मी शाळेत इतिहास शिकवतो हे कळल्यावर त्यांनी पगार, शेती, भाऊ-बहिणी यांतलं काहीच विचारलं नाही. जरा पुढं सरकून ते हळू आवाजात म्हणाले, "पोरं किती वेळात झोपतात?" मी हसलो. ते हसले नाहीत. "अन् उठताना दचकतात का? नाय ना? मग चांगलं शिकवता तुम्ही."

ते मूळचे देवगाव रंगारीचे. घरची शेती, गोठ्यात वाढलेले. शिकून झाल्यावर ते काही वर्षं तालुक्याच्या गावी गुरांच्या दवाखान्यात होते. तेव्हा बैलाचं काही कापायचं-शिवायचं असलं की त्याला दोरांनी पाडायचं, चार दांडगी माणसं अंगावर बसवायची आणि काम उरकायचं, अशी सगळीकडंच रीत होती. असाच पाडलेला एक बैल सगळा वेळ ओरडला नाही, हलला नाही, फक्त साडूंकडं बघत राहिला. ते बघणं त्यांना सोसलं नाही. एरवी कुठलीही गोष्ट तासभर रंगवून सांगणारा हा माणूस ही गोष्ट एवढ्यातच संपवतो आणि चहा मागवतो. पुढं नोकरी सोडून त्यांनी शहरात दवाखाना काढला आणि बंद पडलेल्या एका नर्सिंग होममधून माणसांना भूल द्यायचं जुनं यंत्र टेंपोत घालून आणलं. यंत्राला एक काळा रबरी फुगा आहे. जनावर श्वास सोडतं तेव्हा तो फुगतो, आत घेतं तेव्हा बसतो. लोक क्रिकेटची मॅच बघतात तसे साडू त्या फुग्याकडं बघतात, आणि मधे कुणी बोललेलं त्यांना खपत नाही. दसऱ्याला यंत्राला झेंडूचा हार पडतो, हळदकुंकू लागतं. उदबत्तीला मात्र सक्त मनाई. प्राणवायूच्या नळकांड्याजवळ देवासाठीसुद्धा काडी ओढायची नाही.

यंत्र माणसांचं असल्यामुळं गॅससाठी तोंडावर लावायचे मुखवटेही माणसांच्या मापाचे होते. मांजराचं तोंड त्यात हरवायचं आणि उंदीर सबंधच आत जायचा. मग साडूंनी घरातल्या वस्तूंकडं त्या नजरेनं बघायला सुरुवात केली. सरबताची बाटली अर्धी कापली की मांजराचा मुखवटा झाला, औषधाच्या छोट्या बाटलीवर हातमोज्याचं रबर ताणून भोक पाडलं की पोपटाचा. फारच चावरं किंवा फारच लहान गिऱ्हाईक असलं तर त्याला पारदर्शक डब्यात ठेवून नळीनं गॅस सोडावा लागतो. असा डबा त्यांना बाजारात मनासारखा मिळाला नाही, स्वयंपाकघरात मिळाला. दिवाळीच्या तोंडावर आक्का चिवड्याचा मोठा डबा शोधत होत्या तेव्हा त्याला दोन भोकं पडलेली होती आणि आत एक गिनीपिग शांत झोपलेलं होतं. आक्कांनी नवा डबा आणला आणि त्याच्या झाकणावर भुईनळ्याच्या कागदाची चिठ्ठी डकवली, 'खाण्याचे'. मी साडूंना एका वाढदिवसाला लोकरी स्वेटर दिला होता. तो त्यांच्या अंगावर काही दिसेना, म्हणून मी जरा नाराज होतो. एकदा दवाखान्यात गेलो तर त्याची डावी बाही एका सशाच्या अंगात होती आणि उजवी वाळत घातलेली होती. "लई गरम हाय," साडूंनी मनापासून दाद दिली. गॅसखाली लहान जीव झपाट्यानं गार पडतो, हे त्यांच्याकडून मी इतक्यांदा ऐकलं आहे की मला स्वतःलाच हुडहुडी भरते. म्हणून ऐन मे महिन्यात, बाहेर डांबर वितळत असताना, आतला कूलर बंद, खिडकीला पडदा आणि टेबलावर गरम पाण्याच्या पिशव्या. पोपट सुखरूप उठायचा. मदतीला उभ्या असलेल्या आक्कांना एकदा चक्कर आली.

वापरलेला गॅस खोलीत राहू नये म्हणून यंत्रापासून एक लांब नळी खिडकीबाहेर सोडलेली आहे. शेजारी एक निवृत्त नायब तहसीलदार राहतात. नळीमुळं आपल्याला रोज दुपारी गुंगी येते आणि चार-साडेचारपर्यंत शुद्ध राहत नाही, अशी त्यांची तक्रार होती. साडूंनी ती गंभीरपणे ऐकली, त्यांना खुर्चीत बसवलं, डोळ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या आणि विचारलं, "नोकरीत असताना दुपारी काय व्हायचं?" तहसीलदारसाहेब जरा वेळ आठवत बसले आणि मग चहा पिऊन गेले. नळी तरीही साडूंनी आणखी लांबवून गच्चीवर नेली. दुसऱ्याच्या श्वासाशी खेळायचं नाही, यावर त्यांची श्रद्धा आहे. श्वास मोजायची तर त्यांना खोडच लागली आहे. लग्नाच्या पंगतीत, बसमध्ये, श्रद्धांजलीच्या सभेत, कुठंही ते लोकांच्या छातीकडं बघत बसतात आणि यावरून गैरसमजही झालेले आहेत. माझ्या सासऱ्यांच्या एकसष्टीला मुख्य पाहुणे भाषण करत असताना हे उठले, पहिल्या रांगेत डुलकी लागलेल्या एका मामांची हनुवटी दोन बोटांनी वर केली, मान सरळ केली आणि जागेवर येऊन बसले. "नळी वाकली होती," एवढंच म्हणाले.

त्यांच्या दवाखान्यात दोन नियम आहेत आणि त्यांपुढं आमदाराचंही चालत नाही. पहिला, भूल चढताना जनावराच्या कानावर शेवटचा आवाज घरच्या माणसाचा पडला पाहिजे. कान सगळ्यात शेवटी झोपतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं मालकानं मुखवट्याशी वाकून काहीतरी बोलत राहायचं. दंडुका घेऊन गाव सरळ करणाऱ्या एका पोलीस अधिकाऱ्यानं तिथं 'माझं शोनुलं ते' म्हटलेलं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे, आणि त्यानंतर बरेच दिवस त्या अधिकाऱ्याच्या गल्लीतून मी गाडी जपून चालवायचो. वैजापूरचे एक कांद्याचे अडते आपला लॅब्रॅडोर घेऊन आले होते. कुत्रा लहानपणापासून मार्केट यार्डात वाढलेला. अडत्यांना कुत्र्याशी काय बोलावं ते सुचेना. साडू म्हणाले, "रोज त्याला काय ऐकू येतं? तेच बोला." मग अडत्यांनी लिलाव पुकारायला सुरुवात केली. भाव चढत गेला तसा कुत्र्याचा फुगा संथ होत गेला, आणि बोली सुटली तेव्हा तो गाढ झोपला होता.

दुसरा नियम रिकाम्या पोटाचा. भरल्या पोटी भूल दिली आणि उलटी झाली तर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जातं आणि मग जनावर हातचं जातं. म्हणून कुत्र्या-मांजराला आदल्या रात्रीपासून काही द्यायचं नाही. हे लोकांना पटतं, पण जमत नाही. आपल्या माणसाला उपाशी घराबाहेर काढायचं आमच्याकडं कुणाच्या जिवावर येत नाही? तेव्हा साडू आधी जनावराचं तोंड हुंगतात आणि मग मालकाची उलटतपासणी घेतात. एकदा एका खालांनी मांजर आणलं. "कुछ नै दिए डॉक्टरसाब, कसम से." साडूंनी हुंगून नुसतं बघितलं. "खाली थोडा खीमा दिए. उनेच मांगी तो क्या करते?" खाला, मांजर आणि रिक्षावाला तिघांना त्यांनी परत पाठवलं. अर्ध्या बिस्किटासाठी त्यांनी धट्ट्याकट्ट्या माणसांना रडवलं आहे. सशाचं मात्र उलटं. सशाला उलटी होतच नाही आणि त्याचं पोट रिकामं राहिलं तर तो आजारी पडतो. म्हणून एकानं मोठ्या भक्तिभावानं ससा उपाशी ठेवून आणला, तेव्हा त्यालाही त्यांनी तेवढंच झापलं. तो माणूस पायरीवर बसून म्हणाला, "मग नेमकं करायचं तरी काय?"

हे सगळं शहराला लागू. साडू ज्यांना मामी म्हणतात त्या आमच्या सासूबाईंवर मात्र त्यांनी कधी आवाज चढवलेला नव्हता, आणि तशी वेळ आली तीही चिंगीमुळं. सासरे गेल्यावर सासूबाई एकट्या राहायच्या, दवाखान्यापासून दोन गल्ल्या पलीकडं. आम्ही मुली-जावई रविवारी डोकावायचो, एरवी फोन करायचो. बाकी सगळा वेळ त्या चिंगीशी बोलायच्या. चिंगी पांढरी पोमेरेनियन, नाक वर करून चालणारी. भाजी कुठली करायची, दूध का नासलं, थोरली पोरगी फोनवर उदास का वाटली, हे सगळं सासूबाई तिला विचारून ठरवायच्या. म्हातारपणी चिंगी एकदम खायची बंद झाली, नुसती पाणी प्यायला लागली, पोट फुगलं. साडूंनी हात लावताच ओळखलं. "मामी, गर्भाच्या पिशवीत पू झालाय. काढावी लागंल."

"उठेल ना पण ती?" सासूबाईंनी विचारलं.

हा प्रश्न साडूंना रोजच कुणी ना कुणी विचारतं आणि त्यांचं उत्तर ठरलेलं असतं. त्या दिवशी आधी त्यांनी चिंगीच्या हिरड्या पुन्हा एकदा बघितल्या. मग तेच म्हणाले, "उठवायला मी हाय ना." आम्हाला सगळ्यांना कळत होतं की चिंगी उठली नाही तर त्या घरात सासूबाईंना सकाळपासून संध्याकाळपर्यंत 'अगं' म्हणायला कुणी उरणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच दोघींना रिक्षानं घेऊन गेलो. चिंगीला टेबलावर ठेवल्यावर साडूंनी सवयीनं तिचं तोंड हुंगलं आणि सरळ उभे राहिले.

"मामी, काय दिलंत?"

"काही नाही हो. उपाशीच आहे बिचारी."

"मामी."

"अहो, उंबऱ्यात हातावर दही-साखर ठेवली, तेवढीच. आक्काला परीक्षेला जाताना दिली, या मास्तरांना मुलाखतीला जाताना दिली, तुम्ही हे मशीन आणायला गेलात तेव्हा तुम्हालाही दिली. एवढ्या मोठ्या कामाला निघालेली, मग हिचंच कसं चुकवू?"

"किती दिली?"

"हातावरचं चाटलं, मग वाटीतलं सगळं चाटून पुसून घेतलं तिनं." सासूबाईंचा चेहरा फुललेला होता. "इतक्या दिवसांत पहिल्यांदा काही खाल्लं हो तिनं."

मी भिंतीला टेकून उभा राहिलो. खाला आठवल्या, रिक्षावाला आठवला. पण साडूंनी आवाज चढवला नाही. त्यांनी चिंगीच्या पायाला सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली आणि स्टूल ओढून तिच्याशेजारी बसले. "थांबू या. दही खाली उतरू द्या. दुपारनंतर करू." नंतर मला दाराशी घेऊन त्यांनी सांगितलं, की लगेच केलं तर दही वर यायची भीती आणि थांबलं तर पोटातलं विष अंगात भिनायची भीती. तोलून बघितलं तर दोन्ही सारखंच. त्यांनी थांबायचं ठरवलं. त्या दिवशी दवाखान्यात कुणीच जेवलं नाही. सासूबाईंनी डबा आणला होता, तो तसाच राहिला. साडू मधूनमधून चिंगीच्या हिरड्या बघत, घड्याळ बघत आणि सासूबाईंकडं बघायचं टाळत.

ऊन कलल्यावर मुखवटा लावला. नियमाप्रमाणं सासूबाई वाकल्या. मला वाटलं, त्या आता रडतील. त्यांनी चिंगीच्या कानामागं खाजवलं आणि लेकी सासरी निघाल्या की दारात दटावायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "चिंगे, जाते म्हणायचं नाही. येते म्हणायचं." आणि बाहेर जाऊन बसल्या.

ऑपरेशन नीट झालं. दही वर आलं नाही, रक्त फार गेलं नाही, पिशवी अख्खी निघाली. आक्का टाक्यांचं सामान देत होत्या, मी दिवा धरून उभा होतो. शेवटचा टाका पडला, साडूंनी गॅस बंद करून नुसता प्राणवायू ठेवला, आणि आता ती डोळे उघडेल म्हणून आम्ही वाट बघू लागलो. फुगा फुगत होता, बसत होता. मग तो सावकाश झाला. मग थांबला. साडूंनी इंजेक्शन दिलं, छाती चोळली आणि फुगा हातात घेऊन स्वतः दाबायला लागले. दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा. चिंगीची छाती वर-खाली होत होती, पण ते सगळं साडूंचं होतं. आक्कांनी स्टेथोस्कोप कानाला लावून ऐकलं, पुन्हा ऐकलं आणि नवऱ्याकडं पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही. ते दाबतच राहिले.

सासूबाई आत आल्या. चपला घालून तिथं यायची कुणाला परवानगी नाही, पण त्या चपलांसकट आल्या. त्यांनी चिंगीच्या पाठीवर हात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला. मग तो उचलून जावयाच्या मनगटावर ठेवला. "राहू द्या आता," त्या म्हणाल्या. "हात दुखला असेल तुमचा."

साडूंनी फुगा सोडला. मग सासूबाईंनी अगदी हळू विचारलं, "माझ्या दह्यानं झालं का हो?"

साडूंनी आधी नळकांड्याची चावी फिरवून बंद केली, हात पुसले. "दह्याचा काय संबंध, मामी? किडन्याच गेल्या होत्या तिच्या. चार दिवस कोरडी ठेवली असती तरी हेच झालं असतं." मग म्हणाले, "तोंड गोड करून निघाली, हेच बरं झालं." सासूबाईंनी मान हलवली आणि चिंगीला पदरात गुंडाळून घेतलं. नंतर साडू नळ्या धूत होते तेव्हा मी बेसिनपाशी गेलो आणि विचारलं, "हे खरं का?" ते धूतच राहिले. "दही पोटातच राहिलं ना? मग झालं. थांबायचं मी ठरवलं होतं, मामींनी नाय," ते म्हणाले, आणि त्यानंतर तो विषय त्यांनी माझ्याजवळ कधीच काढला नाही. मला या माणसाचं त्या दिवसापर्यंत कौतुक होतं. त्या दिवसापासून माझी त्याच्यावर माया बसली.

काही दिवसांनी साडू सासूबाईंकडं गेले आणि म्हणाले, "मामी, दवाखान्यासाठी विरजण लावाल का? जनावर पुरतं शुद्धीवर आलं का चमचाभर दही द्यायचं ठरवलंय. बाजारचं आंबट असतं." तेव्हापासून रोज सकाळी वाटी जाते आणि फ्रीजमध्ये लशींच्या शेजारी बसते. सशांना आणि पोपटांना दही चालत नाही; त्यांच्या मालकांना देतात. संध्याकाळी रिकामी वाटी परत करायला साडू स्वतः जातात. सासूबाई दारातच विचारतात, "आज कोण कोण उठलं?" मग कुणाचं मांजर, कुणाचा कुत्रा, काय झालं होतं, उठल्यावर पहिल्यांदा कुणाकडं बघितलं, हे सगळं त्यांना सांगावं लागतं. सासूबाईंनी पुन्हा कुत्रा पाळला नाही, पण आता गारखेड्यातल्या निम्म्या जनावरांची चौकशी त्या नावानिशी करतात आणि आमच्याशी फोनवर त्यांच्याबद्दलच बोलतात.

एखाद्या दिवशी कुणी उठत नाही. साडू कितीही चांगले असले तरी असा दिवस येतो. त्या दिवशी दही उरतं, आणि वाटीत दही घेऊन त्या दारात जायची साडूंची छाती होत नाही. मग ते यंत्रामागं उभे राहून सगळं दही स्वतः खातात, वाटी धुतात, पुसतात आणि सासूबाईंना म्हणतात, "सगळी उठली, मामी." लहानपणापासून त्यांना दही सोसत नाही, चमचाभर खाल्लं तरी दुसऱ्या दिवशी नाक वाहायला लागतं. सासूबाई हवेला नावं ठेवत सुंठेचा काढा पाठवतात. साडूंना सर्दी झालेली दिसली की आक्का आणि मी एकमेकांकडं बघतो आणि काही विचारत नाही.